कालव्यावरची गोदी

बाबा मुंबईच्या गोदीतून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा सोबत एक पत्र्याची ट्रंक, एक छत्री आणि अख्खी गोदी घेऊन आले. ट्रंक आणि छत्री माळ्यावर गेली. गोदी मात्र घरात जागा अडवून बसली ती बसलीच. दार आत उघडावं की बाहेर, गोठ्याला उतार कुठल्या बाजूने असावा, चुलीचा धूर कुठून जावा, सगळ्याचा निवाडा ‘आमच्या गोदीत’ या शब्दांनी सुरू व्हायचा. आई म्हणायची, “त्यापरीस सवत आनली आसती तर बरं. घरात चार कामं तरी करती.”

आता गोदी म्हणजे काय, हे बाबांनी सांगायला घेतलं असतं तर तुमची दुपार गेली असती. मी थोडक्यात सांगते. समुद्र भरतीला चढतो, ओहोटीला उतरतो. उतरला की मोठं जहाज चिखलात बसणार. म्हणून इंग्रजाने किनाऱ्याशी एक भलामोठा हौद खणला, चहूबाजूंनी काळ्या घडीव दगडाच्या भिंती बांधल्या आणि तोंडाशी दरवाजे बसवले. भरतीला दरवाजे उघडायचे, जहाज आत घ्यायचं, दरवाजे लावायचे. मग बाहेर समुद्र कितीही खाली जावो, आतलं पाणी आणि आतलं जहाज जागच्या जागी. तोंडाशी दरवाज्यांची एक जोडी नव्हती, दोन होत्या. मधे जहाज मावेल एवढी दगडी खोली. तिला लॉक म्हणायचे. त्या लॉकवरून रस्ता जायचा, आणि रस्ता जायचा तो फिरत्या पुलावरून. बाबा त्या पुलावर कामाला होते.

मॅट्रिकची परीक्षा झाल्यावर मी आणि आई एकदा ते सगळं बघायला गेलो होतो. बाबांनी आमच्यासाठी पास काढला होता आणि नवीन टोपी घातली होती. आधी त्यांनी आम्हाला भिंत दाखवली. दगडावर दगड असा बसवलेला की मधे सुरीचं पातं जाणार नाही. काठाला जहाजं बांधायचे लोखंडी खुंट, दोर घासून घासून चकचकीत झालेले. मग दरवाजे. एकेक पान आमच्या घराहून उंच. बंद झाली तरी ती दोन पानं एका रेषेत येत नाहीत. मधे कोन करून, आतल्या पाण्याकडे छाती काढून एकमेकांना टेकतात. पाणी जेवढं रेटेल तेवढी घट्ट बसतात. “कडी नाय, कोयंडा नाय,” बाबा म्हणाले. “पानीच पान्याला अडवतं.” ते अशा आवाजात म्हणाले की जणू दरवाजे त्यांनीच स्वतः रंधा मारून केले असावेत.

आणि मग पूल. एका काठावरच्या दगडी चौथऱ्यात लोखंडी खुंट, आणि त्या खुंटावर सगळा पूल तोललेला. पुढचा हात लांब, मागची शेपटी आखूड आणि भारी जड. जहाज आलं की घंटा व्हायची, रस्त्यावर साखळी पडायची आणि तेवढं अवजड लोखंड, नळांतून येणाऱ्या पाण्याच्या दाबावर, आवाज न करता फिरून काठाला जाऊन लागायचं. तोवर हातगाड्या थांबल्या, लॉऱ्या थांबल्या, गोऱ्या साहेबाची मोटारही थांबली. बाबांचा जीव त्या साखळीत होता. आमच्या माणसांना जन्मभर ज्यांनी वाटेच्या कडेला उभं केलं, त्यांना साखळीशी ताटकळत ठेवायचं आणि वर त्याचा पगार घ्यायचा, याहून चांगली नोकरी त्यांच्या मते दुनियेत नव्हती. मलाही तसंच वाटतं.

आईने सगळं नीट बघितलं. म्हणाली, “येवडा दगुड. कुनासाटी? तर बोटीसाटी. आन मानसांनी काय उड्या मारायच्या?”

बाबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि आम्हाला चहा पाजायला घेऊन गेले.

आमची वस्ती कर्जत आणि भिवपुरीच्या मधे, कालव्याच्या काठी. गावाने आम्हाला बाहेर ठेवलेलंच होतं, कालव्याने फक्त त्याची हद्द आखून दिली. भिवपुरीच्या वीजघरात चक्रं फिरवून सुटलेलं पाणी या कालव्यातून शेतांना जातं. मुंबईत गिरण्या आणि दिवे चालू झाले की वीजघर जोरात चालतं आणि आमच्या कालव्याला पाणी चढतं. मुंबई निजली की उतरतं. बाबांना निवृत्तीनंतर हा शोध लागला, तेव्हा ते काठावरून धावत घरी आले. “अगं, भरती-व्हटी हाय हितं!”

आई भांडी घासत होती. “तुमी नव्हता तवा बी व्हती,” ती म्हणाली.

पण भरती-ओहोटी आहे म्हटल्यावर गोदी हवीच. त्यांनी कालव्याच्या कडेला बायकांना धुण्यासाठी हौद खणला आणि त्याच्या तोंडाशी फळ्यांची दोन पानं बसवली, कोन करून, छाती आत काढून. कालवा उतरला तरी हौदात पाणी राहायला लागलं. खरंच राहायला लागलं. मग वस्तीतल्या म्हशींनी तिथे बस्तान बांधलं. धुणं घेऊन बायका परत जुन्या दगडांवर गेल्या. म्हशींना बाहेर काढायला पानं उघडली की पाणी त्यांच्या आधी बाहेर पडायचं, म्हणून बाबा काठी घेऊन म्हशींना भरती येईपर्यंत थांबायला सांगत. म्हशी थांबत. त्यांना कुठे जायचं होतं! कालव्याची राखण करणारा पाटकरी येऊन बघून गेला, पोट धरून हसला आणि त्याने काही तक्रार केली नाही. बाबांना त्या हसण्याचा फार राग आला होता.

इथवर सगळी गंमत होती. पण कालव्याच्या पलीकडे माझी मावशी राहायची.

पलीकडच्या काठावर दुसऱ्या गावची वस्ती, तिथे ती दिलेली. दोघी बहिणींची घरं अगदी समोरासमोर. मधे फक्त कालवा, दोन म्हशी शेजारी शेजारी पोहतील एवढा रुंद. पूर्वी कोणीतरी त्यावर ताडाचा सोट टाकून ठेवायचं. एकदा डोक्यावर तांदळाची पाटी घेऊन येताना आई त्यावरून पाण्यात पडली. तिला काढली, तांदूळ गेले. त्या दिवसापासून, जमीन नसलेल्या कशावरही पाय ठेवायचा नाही, असं तिने ठरवलं. मोटाररस्त्याचा पूल होता, पण तो बराच खाली. त्यावरून गेलं तरी पुढे भाताच्या खाचरांच्या बांधांवरून फिरून यायचं, म्हणजे धडधाकट माणसाचाही निम्मा दिवस मोडायचा. आईचे गुडघे तर कधीच कामातून गेले होते. मग दोघी बहिणी आपापल्या काठावर बसून ओरडून बोलायच्या. त्यांच्यात गुपित असं काही उरलं नव्हतं. मावशीच्या सुनेला दिवस गेल्याचं आमच्या वस्तीला आधी कळलं, तिच्या नवऱ्याला मागाहून.

मग एका हिवाळ्यात मावशी खाटेला खिळली. पोटात काहीतरी वाढलं होतं. कर्जतच्या डॉक्टरने मुंबईला न्या म्हणून सांगितलं, मुंबईच्या डॉक्टरने घरी न्या म्हणून सांगितलं. पलीकडचा काठ रिकामा झाला. आई सवयीने संध्याकाळी जाऊन बसायची आणि समोरच्या बंद दाराकडे बघत राहायची. मी तेव्हा खालापूरला शाळेवर मास्तरीण होते. शनिवारी सकाळची शाळा करून एस.टी.ने घरी यायचे, तर आईचं एकच चालू असायचं: “मला तिला बगायचंय गं. हाय तंवर बगायचंय.” दुसरं काही तिने आयुष्यात मागितलेलं मला आठवत नाही.

बाबांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी म्हशींच्या गोदीकडे पाठ फिरवली. “पूल बांदतो,” ते म्हणाले.

आता कालव्यावर पूल बांधणं म्हणजे अंगावर बालंट ओढवून घेणं होतं. पाण्यातलं गवत काढायला पाटबंधारे खात्याचा तराफा अधूनमधून कालव्यातून यायचा, म्हणून आडवं काहीही टाकायला सक्त मनाई. सोट टाकला की पाटकरी ओढून काढायचा. नियम असा की दोन्ही काठांना टेकलेला अडथळा नको. हे ऐकून दुसरा कोणी गप्प बसला असता. बाबांचा चेहरा मात्र उजळला. “दोन्ही काटांना टेकलेला,” ते बोट वर करून म्हणाले. “आपला येकाच काटावर टेकनार. तराफा आला का फिरवला. साहेब आला का फिरवला. फिरवला का पूलच नाय. नियम मोडला कुटं?” इतकी वर्षं साहेबांच्या संगतीत काढली, त्याचा हा उपयोग.

साजगावच्या कारखान्यांमागच्या भंगारातून त्यांनी मोडक्या ट्रकच्या चाकाचा मधला भाग, बेअरिंगसकट, आणला. टेंपोवाल्याने ते घराजवळ उतरवलं तेव्हा वस्तीला वाटलं म्हातारा आता ट्रक बांधतोय. काठावर खड्डा खणून, दगड-सिमेंटमधे तो खुंट उभा केला. त्यावर दोन सागाचे वासे, वाशांवर फळ्या, एका बाजूला बांबूचा कठडा. मागच्या शेपटीला वजन हवं म्हणून त्यांनी घरातलं जुनं जातं, पाटा, कांडपाचं फुटकं उखळ, सगळं नेऊन बांधलं. आईचा वापरातला पाटा नेला तेव्हा दोघांचं जे भांडण झालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. पाटा परत आला आणि त्याच्या जागी बाबांची ट्रंक दगड भरून गेली.

पूल झाला. आणि फिरला! शेपटीला छातीने जरा रेटा दिला की लांब हात पाण्यावरून सरकत यायचा आणि आमच्या काठाला समांतर होऊन थांबायचा, पाण्याच्या वर तरंगत. उलटा रेटा दिला की पलीकडच्या काठावर ठेवलेल्या सपाट दगडावर जाऊन बसायचा. मी वह्या तपासायच्या सोडून दुपारभर बघत होते. इतकी वर्षं ज्यांची चेष्टा केली त्या बाबांचा मला त्या दिवशी भयंकर अभिमान वाटला आणि मी तसं त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, “वंगन कमी पडतंय.”

वस्तीला पुलाचं वेड लागलं. पलीकडच्या बायका दळण घेऊन इकडे यायला लागल्या, इकडच्या शेळ्या तिकडे जाऊन शेत खायला लागल्या. बाबांनी गोदीचे सगळे नियम लागू केले. पूल फिरताना वर माणूस नको. घंटा झाली की जागच्या जागी थांबायचं. घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा, आंब्याला टांगलेला. खात्याच्या साहेबाची जीप दिसली की कोणीही शीळ घालायची, बाबा घंटा देणार आणि पूल फिरवणार. दोनदा साहेबाची जीप कालव्याच्या कडेने धुरळा उडवत गेली आणि दोन्ही वेळा पूल काठाला गपगुमान पडलेला होता. वस्ती बाबांना आता कॅप्टन म्हणायला लागली होती. चेष्टेनेच, पण त्यांना ते कळायचं नाही किंवा चालायचं.

फक्त आई पुलावर जायला तयार नव्हती.

तिने पूल तपासला. वाकून खालून बघितलं. “ह्याचं त्ये टोक कशाला बांदलंय?”

“बांदलेलं नाय. दगडावर टेकलंय.”

“म्हंजे येक पाय हवेत.”

“अगं, आमच्या गोदीत याच्यावरनं लॉऱ्या जातात!”

“लॉऱ्यांना गुडगे आसतात का?” असं म्हणून ती घरात गेली. दिवस जात होते. मावशीचा मुलगा पुलावरून येऊन सांगायचा, आज पेज गेली, आज पाणीसुद्धा नाही गेलं. आई रात्रंदिवस कुढायची, काठापर्यंत जायची, पुलाकडे बघायची आणि परत यायची. बाबा रोज एक नवी फळी ठोकायचे. मला दोघांचाही राग यायचा, एकीच्या भीतीचा आणि एकाच्या हट्टाचा. पण मुलीने काय करायचं? मी आईला म्हटलं, मी हात धरते. ती म्हणाली, “तू बुडलीस तर शाळेला सुट्टी पडंल.”

उन्हाळ्याची सुट्टी लागली होती, मी घरीच होते. एका सकाळी मावशीचा मुलगा पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला. त्याने हाक मारली, “मावशे, आय नाव घेतीया तुजं.” एवढंच.

आईने नऊवारीचा काचा मारला, पदर खोचला आणि कोणाला काही न सांगता चालायला लागली. बाबा शेपटीशी उभे राहिले. मी तिच्या मागे जायला निघाले तर तिने हाताने थांबवलं. तिने कठडा धरला, डोळे मिटले आणि एकेक पाय सरकवत निघाली. अख्खी वस्ती काठावर उभी. ती बरोबर मध्यावर आली आणि कोणीतरी शीळ घातली.

जीप! वडाच्या वळणावरून धुरळा येत होता.

नंतर बाबा कितीतरी वर्षं सांगत की त्यांना काही आठवत नाही. हात आधी हलले, डोकं मागाहून आलं. गोदीत घंटा झाली की पुलावर कोणी नसायचंच, ते बघायला साखळी होती. इथे साखळी नव्हती. त्यांनी घंटेवर ठोका दिला, शेपटीला छाती लावली आणि माझ्या आईसकट पूल फिरवला.

आई ओरडली नाही. ती मटकन खाली बसली, दोन्ही हातांनी कठडा कवटाळला आणि बसल्या जागी कालव्यावरून गोल फिरून आमच्या काठाला समांतर येऊन थांबली, खाली वाहतं पाणी, वर ऊन. बाबांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. तेवढ्यात जीप थांबली.

साहेब तरुण होता, नवीनच नोकरीला लागलेला. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते आणि साहेबलोकांचा दरारा अजून उतरला नव्हता. तो उतरला आणि बघत राहिला. कालव्यावर, काठापासून हातभर दूर, फळ्यांवर एक म्हातारी बसलेली.

“हे काय आहे?” त्याने विचारलं.

बाबा सावधानमधे उभे राहिले. “बाकडं हाय, साहेब. बसायला. येकाच काटाला टेकलेलं हाय.”

“पाण्यावर बाकडं?”

“गार लागतं,” बाबा म्हणाले.

पाटकरी जीपच्या मागच्या बाजूला तोंड फिरवून खोकायला लागला. साहेबाला ते पटतही होतं आणि पटत नव्हतं. त्याने खांदे उडवले, जीपकडे वळला. अजून क्षणभर, आणि सगळं निभावून गेलं असतं. पूल वाचला असता. वस्तीच्या जिवात जीव आला असता.

“बाकडं नाय,” आई म्हणाली. “पूल हाय.”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिचा आवाज खणखणीत होता, काठावरून काठावर पोचायची सवय असलेला.

“ह्यो फिरतो. ह्यांनी बांदलाय. माजी भन पलीकडं मरायला टेकलीया साहेब, आन मी हितं बाकड्यावर बसून ऱ्हानार नाय. अवं, फिरवा त्यो!”

बाबा साहेबाकडे बघायला लागले. साहेबाने टोपी काढली. मग बाबांनी घंटा दिली, कारण फिरवायच्या आधी घंटा द्यायची असते, शेपटीला पाठ लावली आणि पूल फिरवला, इतक्या हळू की पाण्यात त्याची सावलीसुद्धा हलल्यासारखी वाटली नाही. पलीकडचं टोक दगडावर बसलं. आई उठली. यावेळी तिने डोळे मिटले नाहीत. उरलेला पूल ती अशी चालून गेली की जणू रोजचीच वाट. मावशीच्या मुलाने तिचा हात धरला आणि ती मागे वळून न बघता समोरच्या दारात शिरली.

साहेब माणूस वाईट नव्हता. बराच वेळ तो टोपी हातात घेऊन उभा होता. “तराफा येईपर्यंत राहू दे,” तो शेवटी बाबांना म्हणाला. “मग मला काढावाच लागेल. आता मी बघितलंय ना.”

तराफा दोनच दिवसांत आला. बाबा म्हणाले मी फिरवतो, तुमचा तराफा जाऊ दे, वाटलं तर घंटा ऐका. पण तराफ्यावरच्या माणसांना हुकूम होता. त्यांनी फळ्या उचकटल्या, वासे ओढले, ट्रकचा खुंट पहारीने उपटला आणि जातं-उखळ काठावर ठेवून सगळं घेऊन गेले. ती काळ्या दगडाची गोदी त्यांच्या आधी कितीतरी वर्षं उभी होती आणि त्यांच्यानंतरही उभी राहणार होती. त्यांची स्वतःची गोदी उन्हाळाभरही टिकली नाही.

आई पलीकडेच होती. मावशी आणखी काही दिवस राहिली. आई तिच्या उशाशी बसून असायची, दार लावलेलं असायचं. जन्मभर ज्यांचं बोलणं दोन वस्त्यांनी ऐकलं, त्या दोघींचं शेवटचं बोलणं कोणालाही ऐकू आलं नाही. मला त्याचं आजही फार बरं वाटतं.

मावशी गेल्यावर बाबा आणि मी आईला आणायला मोटाररस्त्याने फिरून गेलो. येताना घाई नव्हती. खाचरांच्या बांधांवरून आई बसत-उठत चालत होती, बाबा तिच्या मागे छत्री धरून. पूल गेल्याचं तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं, आणि घरातून निघताना तिने कालव्याकडे बघितलंही नव्हतं. एका आंब्याखाली ती टेकली तेव्हा बाबांनी ते सांगितलं, मान खाली घालून, पोराने मडकं फोडल्याचं सांगावं तसं.

“नेला गं त्यांनी पूल. समदा नेला.” मग म्हणाले, “तुजी येकच खेप झाली त्याच्यावरनं.”

आईने पदराने तोंड पुसलं. तिने हात पुढे केला, उठायला आधार हवा म्हणून, आणि बाबांनी तो धरला.

“मला येकच पायजे व्हती,” ती म्हणाली.